अमाइनला वेसण घालणारा अमाइड

‘पॅरासिटामॉल डांबरातल्या रसायनांपासून बनवतात, म्हणजे ते विषच’ असा संदेश अधूनमधून फिरत असतो. रेणू कशापासून बनला यावर त्याचे गुण ठरत नाहीत. ते त्याच्या रचनेवर ठरतात, आणि औषध की विष हे मात्रेवर. पॅरासिटामॉलच्या जवळच्या नात्यातले अ‍ॅनिलिन, म्हणजे बेंझीनच्या वलयाला नायट्रोजनचा अमाइन गट (NH₂) जोडलेला रेणू, विषारी आहे. त्याच्या नायट्रोजनवर अ‍ॅसिटिल गट (CH₃CO, यातला CO म्हणजे कार्बोनिल) बसवला की अ‍ॅसिटॅनिलाइड हा अमाइड मिळतो आणि नायट्रोजनचे वागणेच बदलते.

नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. अ‍ॅनिलिनमध्ये ती बेंझीनच्या वलयात ओढली जाते आणि वलय फार क्रियाशील होते. नुसते ब्रोमीनचे पाणी घातले तरी एकदम तीन ब्रोमीन अणू बसतात. वलयावर नव्या गटाला तीन प्रकारच्या जागा असतात: आधीच्या गटाशेजारची ऑर्थो, एक सोडून पुढची मेटा आणि समोरची पॅरा. पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलिनसाठी थेट नायट्रेशन केले, म्हणजे वलयावर नायट्रो गट बसवायला गेले, तर बराच माल ऑक्सिडीकरणाने काळा चिकट होतो. शिवाय तीव्र आम्लात ही जोडी प्रोटॉन पकडून अडकते. मग धनभारित नायट्रोजन नव्या गटाला मेटा जागेकडे ढकलतो आणि जवळजवळ निम्मे उत्पादन तिथे जाते. अमाइडमध्ये शेजारचा कार्बोनिल गट या जोडीला आपल्याकडे खेचतो. वलयाला थोडाच वाटा मिळतो, पण नायट्रो गटाला पॅराकडे न्यायला तेवढा पुरतो. ऑर्थो जागा अ‍ॅसिटिलच्या आकारामुळे बऱ्याच अंशी झाकली जाते.

प्रयोगशाळेत 5.1 ग्रॅम अ‍ॅनिलिन 125 मिली पाणी व 4.6 मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवतात. त्यात अ‍ॅसिटिल गट देणारे 6.4 ग्रॅम अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड ढवळून घालतात आणि लगेच 8.3 ग्रॅम स्फटिकी सोडियम अ‍ॅसिटेटचे 25 मिली पाण्यातले द्रावण ओततात. ‘लगेच’ला इथे फार महत्त्व आहे. आम्लात अ‍ॅनिलिन प्रोटॉन धरून क्षाररूपात (लवण म्हणून) असते, त्याची जोडी मोकळी नसते. अ‍ॅसिटेट प्रोटॉन काढून घेतो तेव्हाच अभिक्रिया होते. उशीर झाला तर तोवर पाणी अ‍ॅनहायड्राइड खाऊन टाकते आणि उतारा घटतो. पांढरे स्फटिक 114 अंश सेल्सिअसला वितळायला हवेत. त्याआधीच वितळले तर माल ओला किंवा अशुद्ध आहे. शुद्ध करताना उकळत्या पाण्यात तेलाचे थेंब दिसले, तर तो न विरघळलेला, वितळलेला अ‍ॅसिटॅनिलाइड असतो. थोडे पाणी वाढवावे. रंग काढायचा कोळसा उकळत्या द्रावणात कधीही टाकू नये, ते उसळून बाहेर येते.

या अ‍ॅसिटॅनिलाइडचे नायट्रेशन बर्फात, 10 अंशांखाली करतात. मग सुमारे 70 टक्के सल्फ्युरिक आम्लात उकळून अ‍ॅसिटिल गट काढतात. पिवळे पॅरा-नायट्रोअ‍ॅनिलिन आम्लात क्षाररूपात विरघळलेले राहते. द्रावण थंड पाण्यात ओतून अल्कली घातल्यावरच ते खाली बसते.

हा अमाइड बंध शरीरातही तुटतो. 1886 मध्ये अ‍ॅसिटॅनिलाइड ‘अँटीफेब्रिन’ नावाने तापावर आले, पण काही रुग्ण निळे पडू लागले. त्यातला काही भाग अ‍ॅनिलिन होऊन रक्तातल्या हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन करत होता, आणि मेथेमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेत नाही. 1948 मध्ये ब्रॉडी व अ‍ॅक्सेलरॉड या संशोधकांनी दाखवले की ताप-वेदनेवरचा गुण मुख्यतः शरीरात तयार होणाऱ्या पॅरासिटामॉलचा, म्हणजे पॅरा जागी हायड्रॉक्सिल (OH) गट असलेल्या अ‍ॅसिटॅनिलाइडचा. अतिमात्रेत पॅरासिटामॉलही यकृत निकामी करते, पण वेगळ्या वाटेने: यकृतात त्याचा थोडा भाग ऑक्सिडीकरणाने क्रियाशील क्विनोन-इमाइन होतो आणि तो अडवणाऱ्या ग्लुटाथायोन या यकृतातल्या संरक्षक रेणूचा साठा संपतो.