एचआयव्ही लस आणि जिवाणूंची शर्करा : ‘सारखेपणा’ या शब्दाची पार्श्वभूमी

जिवाणूच्या कवचातील शर्करा प्रथिनाला जोडून टोचली, तर शरीर तिची नीट दखल घेते, हे 1931 मध्येच प्रयोगांतून दिसले होते. त्याच तत्त्वावरची हिबची (लहान मुलांत मेंदूज्वर व न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूची) लस 1987 मध्ये वापरात आली आणि आज दीड महिन्याच्या बाळाला दिल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलंटमध्ये ती असते.

एचआयव्हीशी गाठ पडली तेव्हा हे तत्त्व जसेच्या तसे लागू पडेना. विषाणूच्या आवरणावरील जीपी120 या प्रथिनाच्या वजनापैकी जवळपास निम्मे वजन शर्करांचे असते आणि त्या बाधित मानवी पेशीनेच चढवलेल्या असतात; त्यामुळे प्रतिकारयंत्रणा त्यांना आपल्याच समजून सोडून देते. तरीही 1990 च्या दशकात एका बाधित व्यक्तीच्या रक्तातून मिळालेले 2जी12 हे प्रतिपिंड (रोगजंतूला ओळखून चिकटणारे प्रथिन) नेमके याच शर्करांना, म्हणजे मॅनोज या साध्या शर्करेच्या साखळ्यांच्या टोकांना, पकडते असे आढळले. त्याची रचना 2003 मध्ये उलगडली, तेव्हा त्याचे दोन्ही बाहू एकमेकांत गुंतून एक रुंद पकड तयार झालेली दिसली.

पुढची दहा वर्षे ‘सारखेपणा’ या एका शब्दाभोवती गेली, आणि माझ्या मते या विषयातला खरा गुंता तिथेच आहे. प्रयोगशाळेत घडवलेली मॅनोजची रचना 2जी12 ला चिकटली की तिला विषाणूच्या शर्करेचे प्रतिरूप म्हटले जाई. पण प्रतिपिंडाने एखादा रेणू ओळखणे आणि त्या रेणूने शरीराकडून तसेच प्रतिपिंड घडवून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा रचना प्राण्यांना टोचल्यावर तयार झालेली प्रतिपिंडे टोचलेल्या शर्करेला ओळखत, प्रत्यक्ष विषाणूच्या आवरणाला मात्र ओळखत नसत. दोन्ही अर्थांना एकच शब्द वापरल्यामुळे पहिल्या यशालाच दुसरे यश मानण्याची चूक वारंवार झाली.

म्हणूनच 2012 मधील निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वनस्पतींवर गाठी आणणाऱ्या जिवाणूंच्या कुळातील ऱ्हायझोबियम रेडिओबॅक्टरच्या एका वाणाच्या बाह्यपटलावर, विषाणूवरील मॅनोज-साखळीच्या एका फांदीशी जुळणारी चार मॅनोजची साखळी निसर्गतःच असल्याचे दिसले. तिची मुळाशी असलेली जोडणी जिवाणूच्या पद्धतीची आहे. हा थोडासा परकेपणाच प्रतिकारयंत्रणेला जागे करील, असा त्यामागचा तर्क होता. ती साखळी प्रथिनाला जोडून टोचली, तेव्हाही विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे मिळाली नाहीत; हेतू पटण्याजोगा असला तरी नुसती नैसर्गिक साखळी पुरत नव्हती.

त्यानंतर ती साखळी रासायनिक रीतीने वाढवून मानवी मॅनोज-शर्करेच्या आणखी जवळ नेण्यात आली आणि घटसर्पाच्या विषाचे निरुपद्रवी रूप असलेल्या सीआरएम197 या प्रथिनाला जोडण्यात आली. पुण्यात तयार होणाऱ्या न्यूमोकॉकल लशीतही हेच वाहक प्रथिन असते. मानवी प्रतिपिंडांची जनुके घातलेल्या प्राण्यांवर हे संयुग वापरले गेले आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तयार झालेली प्रतिपिंडे विषाणूच्या आवरणासारख्या त्रिखंडी प्रथिनाला चिकटली व विषाणूच्या काही वाणांना त्यांनी निष्प्रभही केले. सगळ्या वाणांना नाही. पण ‘सारखेपणा’ या शब्दाच्या दुसऱ्या, अवघड अर्थाची ही एक ठोस खूण होती.