च्च लिहायचं कसं?

जानेवारीतली थंडी, यावल तालुक्यातलं शेत आणि कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजलेली हिरवी वांगी. लाकडी बडगीत मिरच्या-लसणासोबत ती ठेचून झाली, पंगत बसली आणि पाच मिनिटांत सगळ्यांचं बोलणं थांबलं. पण कान देऊन ऐकलं तर केवढा गलका! मिरची लागलेल्यांचं सी-सी, नाकांचं सूं-सूं, कुणाचा ठसका, काकांचा लांबलचक ढेकर. भरीत संपत आलं हे दिसताच कुणीतरी केलेलं ‘च्च’. शब्द एकही नव्हता, पण कुणाला काय झालंय ते पंगतीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

त्या सी-सीपासूनच सुरुवात करते. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहींना चिकटतं, ते ग्राही मुळात उष्णता ओळखण्यासाठी आहेत. साधारण 43 अंश सेल्सिअसच्या वर ते मेंदूला ‘भाजतंय’ असं कळवतात. मिरची त्यांना तोंडाच्या नेहमीच्या तापमानालाच जागं करते. या ग्राहींचा शोध लावणारे डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं. आपण दातांतून हवा आत ओढतो तेव्हा लाळेचं बाष्पीभवन होऊन जीभ गार पडते आणि ग्राहींची ओरड कमी होते. म्हणजे सी-सी हा त्या क्षणाचा खराखुरा उपचार आहे.

अशा आवाजांना नावं देण्यात मराठी भलती श्रीमंत आहे. रडण्याचंच बघा. आवाज आतल्या आत दाबला तर मुसमुसणं, श्वास तुटत राहिला तर स्फुंदणं, छातीतून एकदम उसळला तर हुंदका. खोकणं वेगळं आणि खाकरणं वेगळं. खोकला आपला आपण येतो, खाकरावं लागतं. आमच्याकडे घरातली थोरली माणसं ओट्यावरूनच खाकरत आत यायची, म्हणजे आतल्या सुना पदर सावरून घ्यायच्या. पोटातल्या आवाजाला गुडगुड म्हणतात आणि अहिराणीत ‘पोटमा गुडगुड व्हई ऱ्हायनी’ असं म्हटलं की तो आवाज कानाशी येतो. रिकाम्या पोटी साधारण दीड-दोन तासांनी जठर-आतड्यांत आकुंचनाची एक लाट फिरते, उरलंसुरलं पुढे ढकलते. आतली हवा आणि पाणी घुसळलं जातं, तीच ही गुडगुड.

नादावरून घडलेले आणि बहुतेकदा दुहेरी असे हे शब्द ही भारतीय भाषांची सामाईक ठेव आहे. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी 1969 साली दाखवून दिलं की मराठी-हिंदीसारख्या भाषा आणि द्राविडी भाषा यांची कुळं वेगळी असूनही ही लकब दोन्हीकडे आहे. शेजारी राहून ती एकमेकांना लागली.

एवढं असूनही ‘च्च’ आपल्याला लिहिता येत नाही. मी वर लिहिला तो नाइलाज. आपला ‘च’ फुफ्फुसातून बाहेर पडणाऱ्या हवेवर उमटतो. हळहळ व्यक्त करतानाच्या च्चला फुफ्फुस लागतच नाही. जिभेचा मागचा भाग टाळूच्या मऊ भागाला टेकतो, टोक दातांमागे चिकटतं आणि मध्ये हवेचा छोटा कप्पा बंद होतो. जीभ खाली ओढली की कप्पा मोठा होतो, आतला दाब घटतो. टोक सुटलं की बाहेरची हवा आत घुसते, तोच आवाज. खात्री करायची असेल तर नाकाने गाणं गुणगुणत च्च-च्च करून पाहा. गुणगुणणं जराही तुटत नाही.

दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू आणि खोसा भाषांत हे आवाज नेहमीची व्यंजनं आहेत, त्यांनी शब्द बनतात. ‘खोसा’ या नावाचा पहिला वर्णच, गाडीवान बैल हाकताना गालातल्या गालात काढतो त्या जातीचा आहे. आपल्या बाराखडीत त्याला जागा मिळाली नाही, पण क्रियापदांनी ती उणीव भरून काढली. हळहळणारा माणूस चुकचुकतो, भिंतीवरची पालही चुकचुकते, आणि बिथरलेल्या बैलाला शेतकरी चुचकारतो.

उसाशाबद्दल मात्र मी कित्येक वर्षं चुकीचं समजत होते. मला वाटायचं, दुःख किंवा थकवा असेल तेव्हाच तो येतो. खरं तर आपण न कळत साधारण दर पाच मिनिटांनी एक उसासा टाकतो. फुफ्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात, त्यातले काही चालता चालता मिटून जातात. नेहमीच्या श्वासावरच दुसरा श्वास चढवला की ते पुन्हा उघडतात. जॅक फेल्डमन आणि मार्क क्रॅस्नो यांच्या चमूंनी 2016 साली उंदरांमध्ये दाखवलं की मेंदूच्या खोडातल्या सुमारे 200 पेशी साध्या श्वासाचा उसासा करतात. ‘उसासा’ हा शब्द संस्कृत ‘उच्छ्वास’वरून आला.

आणि हुंकार. माझं आजोळ अमळनेर तालुक्यातलं. रात्री अंगणात बाजेवर आजी गोष्ट सांगायची, पण हुंकार दिल्याशिवाय पुढचं वाक्य निघायचं नाही. मला तो तिचा हट्ट वाटे. पुढे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. जॅनेट बाव्हेलास आणि सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांना मुद्दाम दुसऱ्याच कामात गुंतवलं, निवेदकाच्या बोलण्यात ठरावीक अक्षराचे शब्द मोजायला लावले. त्यामुळे त्यांचा प्रतिसाद घटला आणि सांगणाऱ्यांच्या गोष्टी बिघडल्या, विशेषतः शेवटाकडे. आजीच्या गोष्टीतला अर्धा भार माझ्या ‘हं’वर होता.

डोळा लागला की हुंकार थांबायचा. राक्षस विहिरीच्या काठाशी तसाच उभा राहायचा आणि अंधारातून आजी विचारायची, “जपी गई का वं?”