ठोकळा, नळी आणि अक्रोडाचं लाकूड

एकामागून एक बार काढता येणाऱ्या रायफली येऊन शतक उलटून गेलं. तरीही अमेरिकेत एकाच काडतुसाची रायफल हौसेनं बाळगणारे शिकारी आहेत. ती कारखान्यातून आली तशी ते वापरत नाहीत. नळी, चाप, दस्ता सगळं कारागिराकडून आपल्या मापाचं करून घेतात. यात जुन्याची ओढ आहेच, पण खरी गंमत यंत्रात आहे. या रायफलीत भाग इतके कमी असतात की उरलेल्या प्रत्येक भागाचा परिणाम थेट नेमावर दिसतो.

ठासणीच्या बंदुकीची नळी मागून कायमची बंद असते. काडतूस मागून भरायचं तर तिथं दार हवं, आणि बार उडताना ते तसूभरही हलता कामा नये. .30-06 हे अमेरिकेतलं नेहमीचं शिकारी काडतूस. त्यात वायूचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे चार हजार पट होतो आणि मागच्या दारावर साधारण तीन टनांचा रेटा येतो. ‘फॉलिंग ब्लॉक’ रचनेत हे दार म्हणजे जाड पोलादी चौकटीतल्या उभ्या खाचेत वर-खाली सरकणारा ठोकळा. खालचा दांडा ओढला की ठोकळा उतरतो, काडतूस हातानं आत सारायचं, दांडा परत लावला की ठोकळा वर येऊन वाट बंद करतो. रेटा येतो आडवा, ठोकळा सरकतो उभा. त्यामुळे सगळा भार चौकटीच्या भिंतीवर जातो.

स्कॉटलंडच्या जॉन फार्कर्सननं 1872 मध्ये अशा रचनेचं पेटंट घेतलं. युटामधल्या ऑग्डेन गावच्या जॉन ब्राउनिंगला 1879 मध्ये स्वतःच्या रचनेचं पेटंट मिळालं, तेव्हा तो 24 वर्षांचा होता. विंचेस्टर कंपनीनं 1883 मध्ये हक्क विकत घेतले आणि त्यातून ‘मॉडेल 1885’ आलं. पुढे 1967 मध्ये अमेरिकी बंदूक-उत्पादक विल्यम रूगरनं फार्कर्सनच्या घाटावरून ‘नंबर 1’ बाजारात आणली. घडवून घेतलेल्या कितीतरी रायफली आज याच दोन सांगाड्यांवर उभ्या असतात.

बोल्ट रायफलीत, म्हणजे मागचं दार हातानं मागे-पुढे सरकवायच्या रायफलीत, बोल्ट मागे खेचायला काडतुसाच्या लांबीएवढी तरी जागा लागते. इथं ती लागतच नाही. म्हणून नळी तेवढीच ठेवूनही रायफल सुमारे चार इंचांनी आखूड होते. झाडोऱ्यात वावरताना हे फार सोयीचं. नाहीतर एकूण लांबी तीच ठेवून नळी वाढवायची आणि गोळीचा वेग थोडा वाढवून घ्यायचा.

नळी निवडताना मुख्य प्रश्न असतो आतल्या पिळाचा, म्हणजे नळीत कोरलेल्या वळणदार खाचांचा. पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि हवेत कोलमडत नाही. गोळी लांब, तर पीळ घट्ट हवा, हा हिशेब जॉर्ज ग्रीनहिल या इंग्लिश गणितज्ञानं 1879 मध्ये सूत्रात मांडला. अमेरिकी लष्कराच्या जुन्या .45-70 रायफलीत 22 इंचांत एक फेरा होता. लांब शिशाची गोळी वापरणारे नेमबाज 18 इंचांत एक फेरा घ्यायचे. आजच्या 10 इंची पिळातून सेकंदाला 850 मीटर वेगानं सुटलेली गोळी मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या गतीनं फिरत असते! कुठली गोळी वापरणार हे ठरवल्याशिवाय पीळ ठरवणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

‘एकच गोळी असली की माणूस विचार करूनच बार काढतो,’ असं या रायफलींचे चाहते सांगतात. मला ते पूर्ण पटत नाही. 1870 च्या दशकात अमेरिकेच्या माळरानांवर बायसनचे कळप कापले गेले, ते शार्प्स कंपनीच्या एकाच काडतुसाच्या रायफलींनीही. काही कोटी जनावरांतली हजारभरही रानात उरली नाहीत. संयम माणसात आणि कायद्यात लागतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो आणला, हे फार चांगलं झालं.

कारागिरीचा कस लागतो तो लाकडात. दस्त्यासाठी सर्वांत नावाजलेलं लाकूड अक्रोडाचं, आपण खातो त्याच जातीच्या झाडाचं. मुठीपाशी दस्ता सर्वांत बारीक असतो. तिथं लाकडाचे रेषे लांबीच्या दिशेनं जायला हवेत, नाहीतर धक्क्यानं तो चिरतो. पोलाद लाकडात बसवताना कारागीर पोलादाला दिव्याची काजळी फासतो, दाबून बसवतो, काढतो. जिथं काळा डाग उमटला तिथून पटाशीनं पापुद्र्याएवढं लाकूड काढतो. पुन्हा काजळी, पुन्हा पटाशी. सगळीकडे सारखा डाग उमटेपर्यंत हे चालतं.

या रायफलीचं लाकूड दोन तुकड्यांत असतं, मागे दस्ता आणि नळीखाली पुढचा हात. हा पुढचा हातच जास्त छळतो. बार उडताना नळी थरथरते. लाकूड तिला जिथं टेकतं तिथं ही थरथर बदलते, आणि पावसाळी हवेत लाकूड फुगलं की टेकण्याचा जोरही बदलतो. मग काल नेमावर बसणारी गोळी आज दोन बोटं बाजूला लागते. रूगर ‘नंबर 1’ मध्ये हे लाकूड चौकटीतून पुढे आलेल्या पोलादी पट्टीला जोडलेलं असतं. काही कारागीर लाकूड नळीपासून मोकळं करतात आणि पट्टीच्या टोकाशी एक बारीक स्क्रू बसवतात. तो नळीवर किती दाबायचा हे चाचणीनं ठरतं. पाव फेरा फिरवायचा, गोळ्या झाडायच्या, कागदावरच्या भोकांतलं अंतर मोजायचं. लाकूड कितीही देखणं असलं, तरी रायफल ताब्यात घेण्याआधी जाणकार गिऱ्हाईक तो कागद मागून घेतं.