नट-महापौर (फिलिपिन्स)

चित्रपटांतून किंवा दूरचित्रवाणीवरून नाव झालेल्या कलावंताने शहराच्या प्रमुखपदासाठी, उपमहापौरपदासाठी वा नगरमंडळातील जागेसाठी निवडणूक लढवण्याची फिलिपिन्समध्ये रुळलेली वाट. दक्षिण भारतातील नट-मुख्यमंत्र्यांशी तिची तुलना नेहमी केली जाते, पण एम. जी. रामचंद्रन (१९७७) किंवा एन. टी. रामाराव (१९८३) हे स्वतःचा पक्ष काढून थेट राज्याच्या सत्तेवर आले. फिलिपिनी नट बहुधा आपल्या गावातून, नगरसेवकाच्या जागेपासून सुरुवात करतो, आणि पक्षाला तेथे फारसे महत्त्व नसते.

‘महापौर’ हा शब्द येथे सोयीसाठी घेतला आहे. महाराष्ट्रातील महापौर हा शहराचा प्रथम नागरिक. कारभार आयुक्तांच्या हाती. फिलिपिन्समधील मेयर (स्पॅनिश वळणाने ‘आल्काल्दे’) थेट मतदारांकडून निवडला जातो व स्वतःच कार्यकारी प्रमुख असतो. नेमणुका, व्यवसाय-परवाने, अंदाजपत्रकाची मांडणी ही कामे त्याच्याकडे असतात, स्थानिक पोलिसांवर त्याची देखरेखही चालते. अधिकारांच्या दृष्टीने तो आपल्या थेट निवडून येणाऱ्या नगराध्यक्षाला अधिक जवळचा, आणि त्याच्याहूनही वजनदार. मुदत ३ वर्षांची. १९८७ च्या राज्यघटनेनुसार लागोपाठ तीनच मुदती मिळतात. उपमहापौर वेगळ्या मतदानाने निवडला जातो आणि नगरमंडळाच्या बैठकांचे अध्यक्षपद त्याच्याकडे असते. त्यामुळे महापौर एका गटाचा व उपमहापौर दुसऱ्या गटाचा, अशी स्थिती सहज उद्भवते.

आरंभ : या वाटेने पहिल्यांदा कोण गेले, याविषयी एकवाक्यता नाही. सर्वसाधारण लेखनात रोहेलिओ दे ला रोसा यांचे नाव आधी येते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून लोकप्रिय असलेले हे नट १९५७ मध्ये सेनेटवर निवडून आले. १९६१ मध्ये ते राष्ट्राध्यक्षपदासाठीही उभे होते. मात्र मेहुणे दिओसदादो माकापागाल यांच्यासाठी त्यांनी माघार घेतली (माकापागाल यांची दिवंगत पहिली पत्नी ही दे ला रोसा यांची बहीण). नटाला मते मिळतात हे त्यांच्यामुळे सिद्ध झाले, यात शंका नाही. परंतु ते एकदम राष्ट्रीय पातळीवर उतरले होते. नगरराजकारणापुरते बोलायचे तर आरंभ जोसेफ एस्त्रादा यांच्यापासून मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

तेथेही सनावळीचा घोळ आहे. एस्त्रादा (जन्म १९ एप्रिल १९३७, तोंदो, मनिला) यांनी सान हुआन या गावाच्या प्रमुखपदाची निवडणूक १९६७ मध्ये लढवली आणि ते पराभूत ठरले. या निकालाविरुद्ध त्यांनी दाद मागितली, आणि फेरतपासणीअंती १९६९ मध्ये त्यांना विजयी घोषित करण्यात आले. म्हणजे १९६७ हे उमेदवारीचे वर्ष व १९६९ हे पद हाती आल्याचे. या दोहोंची गल्लत वारंवार होते. येथे १९६९ हे वर्ष ग्राह्य धरले आहे.

दुसरा आक्षेप अधिक तांत्रिक आहे. सान हुआन त्या वेळी शहर नव्हते. फिलिपिनी कायद्यात ‘नगर’ आणि ‘शहर’ हे वेगळे दर्जे असून शहराचा दर्जा स्वतंत्र सनदेने, म्हणजे संसदेच्या खास कायद्याने मिळतो. १९६९ मध्ये सान हुआन हे रिसाल प्रांतातील एक नगर होते. १९७५ मध्ये महामनिला हा प्रदेश निर्माण झाल्यावर ते त्यात आले, आणि शहराचा दर्जा त्याला २००७ मध्ये, सार्वमतानंतर मिळाला. क्षेत्रफळ अवघे ६ चौ. किमी.च्या आसपास. काटेकोरपणे पाहिल्यास एस्त्रादा सान हुआनचे नगराध्यक्ष होते, आणि शहराचे महापौर ते २०१३ मध्ये, मनिला येथे झाले. पण दोन्ही पदांना तेथे शब्द एकच असल्याने मतदाराच्या लेखी हा फरक नव्हता. या नोंदीतही तो पुढे ताणलेला नाही.

सान हुआनचे पद त्यांच्याकडे १९८६ पर्यंत राहिले. ही १७ वर्षे लोकप्रियतेचा पुरावा म्हणून सांगितली जातात, तेव्हा थोडी सावधगिरी हवी. १९७२ मध्ये फेर्दिनांद मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि १९७१ नंतरची स्थानिक निवडणूक थेट जानेवारी १९८० मध्ये झाली. मधल्या काळात मतदारांपुढे जाण्याचा प्रश्नच आला नाही. मात्र कामाची नोंद भक्कम आहे : गावातले पहिले नगर-माध्यमिक विद्यालय, बाजार-संकुल आणि बहुतेक रस्त्यांचे पक्के काम. १९८६ च्या जनआंदोलनानंतर कोराझोन अकिनो यांच्या सरकारने जुन्या स्थानिक पदाधिकाऱ्यांच्या जागी हंगामी अधिकारी नेमले, त्यात तेही गेले. पुढील वर्षी ते सेनेटर, १९९२ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष व १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. जानेवारी २००१ मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले.

पडद्यावरील नाव : या विषयावरील बहुतेक लेखन प्रसिद्धीवर भर देते. प्रस्तुत नोंदीत नावाला अधिक महत्त्व दिले आहे, कारण फिलिपिनी मतदानाची यंत्रणाच दीर्घकाळ नावावर बेतलेली होती. २०१० मध्ये देशभर यांत्रिक मोजणी सुरू होईपर्यंत मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे छापलेली नसत, चिन्हेही नसत. रिकाम्या रेघा असत, आणि मतदाराने प्रत्येक पदासमोर नाव स्वतःच्या हाताने लिहायचे असे. राष्ट्राध्यक्षापासून नगरसेवकापर्यंतची पदे एकाच दिवशी भरली जात असल्याने लिहायच्या नावांची यादी मोठी होई. मनिलाच्या नगरमंडळात सहा विभागांतून प्रत्येकी ६ सदस्य निवडले जातात. म्हणजे महापौराचे नाव लिहून झाल्यावरही मतदाराला आणखी सहा नावे आठवायची असत. पाचव्या-सहाव्या रेघेवर पडद्यावरचे ओळखीचे नाव येणे स्वाभाविक होते. नट नगरसेवक म्हणून इतक्या सहज का निवडून येत, याचे हे उत्तर विचारप्रणाली शोधणाऱ्या उत्तरांपेक्षा साधे आहे आणि बहुधा अधिक खरेही.

हाताने लिहिलेले नाव आले की ते वाचण्याचे वादही आले. १९८५ च्या निवडणूक संहितेत त्यासाठी तपशीलवार नियम आहेत. नाव चुकीचे लिहिले असले तरी उच्चार उमेदवाराच्या नावासारखा असेल तर मत ग्राह्य. नुसते टोपणनाव लिहिले असेल आणि उमेदवार त्या भागात त्याच नावाने ओळखला जात असेल, तर त्याच पदासाठी त्याच टोपणनावाचा दुसरा उमेदवार नसल्यास तेही ग्राह्य. उमेदवारी अर्जात एक टोपणनाव अथवा रंगभूमीवरील नाव देण्याची मुभाही याच संहितेत आहे. पाळण्यातले नाव आणि पडद्यावरचे नाव यांतील अंतर कायद्यानेच अशा रीतीने मिटवले. (उलट बाजूने, २००१ च्या कायद्यानुसार उमेदवार असलेल्या नटाचे चित्रपट प्रचारकाळात चित्रपटगृहांत वा सार्वजनिक ठिकाणी दाखवता येत नाहीत.)

एस्त्रादा यांचे मूळ नाव होसे मार्सेलो एहेर्सितो. शिक्षण अर्धवट सोडून चित्रपटांत जाण्याला घरच्यांचा विरोध होता व कुळाचे नाव वापरू दिले गेले नाही, म्हणून त्यांनी ‘एस्त्रादा’ हे नाव घेतले, असे सांगितले जाते. स्पॅनिश भाषेत त्याचा अर्थ रस्ता. पुढच्या पिढीत एक मुलगा एस्त्रादा या नावाने, तर दुसरा एहेर्सितो या नावाने राजकारणात आला. ‘एराप’ हे त्यांचे टोपणनाव म्हणजे ‘पारे’ (मित्रा, गड्या) हा शब्द उलटा वाचलेला. ते मित्र व नट फर्नांडो पो (धाकटे) यांनी पाडले असे एक मत आहे. पण शब्द उलटवून बोलण्याची खोड मनिलाच्या बोलीत सर्वत्र असल्याने एका व्यक्तीला श्रेय देणे अवघड. ‘बालिकताद’ (उलटा) या शब्दावरून या बोलीला ‘ताद्बालिक’ म्हणतात, म्हणजे बोलीचे नावही उलटवलेलेच. आपल्याकडील मुलांच्या ‘च’च्या भाषेची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे, फक्त तो मोठ्यांच्या तोंडी टिकला.

याच बोलीतून इस्को मोरेनो यांना ‘योर्मे’ हे नाव मिळाले : ‘मेयर’मधील अक्षरांची अदलाबदल. त्यांचे कायदेशीर नाव फ्रान्सिस्को मोरेनो दोमागोसो (जन्म १९७४, तोंदो). ‘मोरेनो’ कोठून आले याविषयी दोन मते आहेत. एक असे की दूरचित्रवाणीवर नवोदितांना पुढे आणणारे निवेदक हेर्मान मोरेनो यांच्यावरून ते घेतले. दुसरे असे की ते मूळचेच आहे, कारण फिलिपिनी रिवाजात मधले नाव हे आईच्या माहेरचे आडनाव असते. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात; घरात असलेले नाव पडद्यासाठी निवडताना गुरूच्या नावाचा योग साधला गेला, असे मानण्यास हरकत नाही.

मोरेनो यांची वाटचाल या प्रथेचा नमुना म्हणून पाहता येते. बालपणी कचरा वेचणारा व सायकलरिक्षा ओढणारा हा मुलगा १९९० च्या दशकाच्या आरंभी तोंदोतील एका अंत्यविधीच्या जागरणात कलावंत शोधणाऱ्याच्या नजरेस पडला. १९९८ मध्ये तो मनिलाचा नगरसेवक झाला. तीन मुदती संपल्यावर २००७ ते २०१६ उपमहापौर. २०१६ मध्ये सेनेटच्या निवडणुकीत पराभव. २०१९ मध्ये महापौर झाल्यावर दिविसोरिया व कारिएदो भागांतील फेरीवाल्यांनी व्यापलेले रस्ते मोकळे करण्याची मोहीम त्यांनी हाती घेतली, आणि तिचे चित्रण समाजमाध्यमांवर भरपूर झाले. महापौरपदी येण्याच्या २१ वर्षे आधी नगरमंडळात सुरू झालेली ही कारकीर्द पाहता ‘पडद्यावरून थेट खुर्चीत’ हे वर्णन त्यांना लागू पडत नाही.

मीमांसा : राज्यशास्त्रज्ञ कार्ल लांडे यांनी १९६० च्या दशकात फिलिपिनी राजकारणाचे विवेचन आश्रयदाता आणि आश्रित यांच्यातील व्यक्तिगत संबंधांवरून केले, पुढे इतिहासकार आल्फ्रेड मॅकॉय यांनी घराण्यांवर भर दिला. नट हा या दोन्ही चौकटींबाहेरचा, असा समज होता. सान हुआनचा इतिहास पाहता दुसरी चौकट अधिक बसते : तेथील प्रमुखपद १९९२ पासून २०१९ पर्यंत एस्त्रादा यांच्या दोन मुलांकडे आणि नंतर त्यांतील एकाच्या आईकडे राहिले. नट पहिल्या पिढीत बाहेरचा असतो, दुसऱ्या पिढीत घराणे होतो.

प्रसार : १९९० च्या दशकात ही वाट महामनिलाभर रुळली. कालोओकानमध्ये रे मालोन्सो व पारान्याकेमध्ये जोई मार्केस हे १९९५ ते २००४ महापौर होते. केसोन सिटीत विनोदी नट तितो सोत्तो १९८८ मध्ये उपमहापौर झाले आणि तेथून सेनेटवर गेले. बालनट म्हणून सुरुवात केलेले हर्बर्ट बाउतिस्ता २०१० ते २०१९ महापौर होते. राजधानीबाहेर विल्मा सांतोस यांचे उदाहरण ठळक : १९९८ मध्ये लिपाच्या पहिल्या महिला महापौर, २००७ मध्ये बातांगास प्रांताच्या पहिल्या महिला राज्यपाल. ओर्मोक येथे रिचर्ड गोमेझ २०१६ मध्ये निवडून आले. अपयशही आहे : तितक्याच लोकप्रिय नोरा औनोर २००१ मध्ये कामारिनेस सुर प्रांताचे राज्यपालपद मिळवू शकल्या नाहीत.

माफीचा प्रश्न : एस्त्रादा यांना सप्टेंबर २००७ मध्ये सार्वजनिक संपत्तीच्या लुटीबद्दल जन्मठेप झाली व पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष ग्लोरिया माकापागाल-आरोयो यांनी माफी दिली. माफीपत्राच्या प्रास्ताविकात ‘पुन्हा निवडणूक लढवणार नाही’ या त्यांच्या जाहीर आश्वासनाचा उल्लेख होता. मुख्य मजकुरात नागरी व राजकीय हक्क परत दिल्याचे म्हटले होते. २०१३ मध्ये आल्फ्रेदो लिम यांना हरवून ते मनिलाचे महापौर झाल्यावर वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१५ मध्ये न्यायालयाने ११ विरुद्ध ३ मतांनी निर्णय दिला की प्रास्ताविकातील वाक्य ही अट नव्हे, माफी पूर्ण आहे. असहमत न्यायाधीशांचा मुद्दा, की सार्वजनिक पद धारण करण्याचा हक्क परत दिल्याचे वेगळे, स्पष्ट शब्दांत सांगायला हवे, दुर्लक्षणीय नाही. पण बहुमताचे वाचन मजकुराच्या रचनेशी अधिक जुळते.

मनिलातील त्यांच्या कारकिर्दीपैकी फेब्रुवारी २०१४ ची दिवसा मालमोटारींना बंदी सर्वाधिक चर्चेत राहिली. रस्ते हलके झाले, पण बंदरात माल साचला आणि बंदी त्याच वर्षी मागे घ्यावी लागली. २०१६ मध्ये लिम यांच्याविरुद्ध ते तीन हजारांहूनही कमी मतांनी तरले. मे २०१९ मध्ये त्यांना हरवले ते त्यांच्याच पहिल्या मुदतीतील उपमहापौर मोरेनो यांनी. त्याच दिवशी सान हुआनमध्येही घराण्याची सत्ता गेली. मोरेनो २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत चौथ्या क्रमांकावर राहिले, आणि २०२५ मध्ये पूर्वीच्या उपमहापौर हनी लाकुना यांचा पराभव करून पुन्हा मनिलाचे महापौर झाले.