बारावा संघ हवा कुणाला? बिग ईस्टमधल्या वादाची पार्श्वभूमी

बिग ईस्ट या अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या क्रीडा लीगमध्ये सध्या 11 विद्यापीठं आहेत. वेळापत्रक लावणाऱ्यांना हा आकडा नकोसा वाटतो, कारण सगळे एकाच दिवशी उतरले तरी एक संघ रिकामा बसतो. तेव्हा आणखी एक घ्या आणि मोकळे व्हा, ही मागणी दर उन्हाळ्यात होते. पण नवे सदस्य घेऊन हात पोळून घेतलेली ही लीग आहे.

1979 मध्ये सात विद्यापीठांनी ती उभी केली ती बास्केटबॉलसाठी. 1980 मध्ये व्हिलानोव्हा आलं, 1982 मध्ये पिट्सबर्ग. 1982 मध्येच पेन स्टेटला घ्यायचं का यावर मतदान झालं. आठपैकी सहा मतं हवी होती, पडली पाच. पेन स्टेट म्हणजे फुटबॉलमधलं (अमेरिकन फुटबॉल, आपलं सॉकर नव्हे) मोठं प्रस्थ. ते आत आलं असतं तर पुढचा इतिहास बदलला असता, असं मानणारे आजही भेटतात. 1985 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत तीन संघ याच लीगचे होते, त्यामुळे त्या नकाराबद्दल तेव्हा कुणाची झोप उडाली नसावी.

झोप उडाली ती 1991 मध्ये फुटबॉल घरात घेतल्यावर. सदस्यांचे दोन वर्ग झाले: फुटबॉलवाले आणि बाकीचे. पैसा पहिल्यांकडे आणि बाहेरून बोलावणीही त्यांनाच. 2004-05 मध्ये मायामी, व्हर्जिनिया टेक आणि बॉस्टन कॉलेज शेजारच्या किनारपट्टीच्या लीगमध्ये गेले. ती भगदाडं बुजवायला 2005 मध्ये एका दमात पाच जण घेतले आणि लीग 16 संघांची झाली.

विस्ताराचे समर्थक याच काळाचे दाखले देतात, आणि दाखले जबरदस्त आहेत. 12 मार्च 2009 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये, लीगच्या हंगामाअखेरच्या बाद स्पर्धेत, सिरॅक्युज आणि कनेटिकटचा सामना सहा वेळा जादा वेळेत गेला. पहिल्या पाच जादा वेळांत सिरॅक्युजला एकदाही आघाडी मिळाली नव्हती. सहाव्यात मिळाली आणि 127-117 असा निकाल लागला, तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. 2011 मध्ये 16 पैकी 11 संघ राष्ट्रीय स्पर्धेत होते. साखळीत नववं आलेलं कनेटिकट पाच दिवसांत पाच सामने जिंकून लीगचं विजेतं झालं आणि पुढे राष्ट्रीय विजेतंही.

मात्र त्याच सप्टेंबरमध्ये सिरॅक्युज आणि पिट्सबर्गने निघत असल्याचं जाहीर केलं. मग जी पळापळ झाली ती आठवली की हसू येतं. टेक्सासच्या एका विद्यापीठाने आमंत्रण आधीच स्वीकारलं होतं, त्याने एकही सामना न खेळता दुसरीकडे सूत जमवलं. डिसेंबरमध्ये बॉइझी आणि सॅन डिएगोला फुटबॉलपुरतं बोलावलं. पॅसिफिकच्या काठावरचं शहर, आणि लीगच्या नावात ‘ईस्ट’! तेही कधी आलेच नाहीत. डिसेंबर 2012 मध्ये फुटबॉलच्या या राजकारणात नसलेली सात कॅथलिक विद्यापीठं कंटाळून बाहेर पडली. मार्च 2013 मध्ये वाटणी झाली: बिग ईस्ट हे नाव आणि गार्डनमधली स्पर्धा सात जणांकडे, तर साठलेल्या पैशाचा मोठा वाटा आणि जुनी संस्था उरलेल्यांकडे. त्यामुळे ‘बिग ईस्टने 16 संघ चालवून दाखवले आहेत’ हे वाक्य कानाला बरं वाटलं तरी अर्धंच खरं आहे. ते ज्या संस्थेने चालवले तिने नाव बदललं, आणि तिला कंटाळलेले आज या नावाने नांदतात.

बटलर, क्रेटन आणि झेवियर यांना घेऊन दहा जणांची नवी लीग 1 जुलै 2013 रोजी सुरू झाली. बारा वर्षांचा, सुमारे 50 कोटी डॉलरचा टीव्ही करार हातात होता. डेटन आणि सेंट लुइस या विद्यापीठांची नावं तेव्हाही चर्चेत होती. आजही आहेत.

खरा गुंता आहे तो ‘डबल राउंड रॉबिन’ या शब्दाचा. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, एकदा आपल्या कोर्टवर, एकदा त्यांच्या. दहा संघ होते तेव्हा 18 सामने होत. वाटणीत जुन्या संस्थेकडे राहिलेल्या कनेटिकटने 2019 च्या जूनमध्ये परतायचं ठरवलं, त्या लीगला 1.7 कोटी डॉलर मोजले आणि 2020 पासून ते आत आलं. तेव्हा सामने 20 झाले. बारावा आला की 22. हंगामाला 2025-26 पर्यंत असलेली 31 सामन्यांची मर्यादा धरली तर बाहेरच्यांशी खेळायला नऊच उरतात. इथे समर्थक म्हणतात, मग राउंड रॉबिन सोडा. बोलायला सोपं आहे. आयपीएलमध्ये 2022 पासून दहा संघ झाले आणि सामने मात्र 14 च राहिले. पाच जणांशी दोनदा, चौघांशी एकदा. कुणाच्या वाट्याला कोण आलं यावरून तेव्हापासून तक्ता वाचताना मनात एक ‘पण’ असतोच. जुन्या 16 संघांच्या बिग ईस्टमध्येही शेवटी प्रत्येक जण फक्त तिघांशी दोनदा खेळे. आजच्या लीगचा साखळी विजेता मात्र सगळ्यांच्या घरी जाऊन आलेला असतो. माझ्या मते हे जपण्यासारखं आहे.

विस्ताराच्या समर्थकांचा सगळ्यात वजनदार पुरावा 2024 चा. सेटन हॉल साखळीत 13 विजय, 7 पराभव, चौथ्या क्रमांकावर, तरी राष्ट्रीय स्पर्धेचे संघ निवडणाऱ्या समितीने वगळलं. सेंट जॉन्स आणि प्रॉव्हिडन्सही बाहेर. बोलावणं तिघांनाच. कनेटिकटने ती स्पर्धा जिंकली आणि वगळलेल्या सेटन हॉलने दुय्यम स्पर्धा. आपापसात 20 सामने खेळून एकमेकांचेच गुण कापले, बाहेर दाखवायला थोडं उरलं, असं समर्थकांचं म्हणणं. त्यावर 22 हा उपाय कसा, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

ज्याच्यासाठी बहुतेकांनी राउंड रॉबिनवरही पाणी सोडलं असतं तो गोन्झागा ऑक्टोबर 2024 मध्ये हातचा गेला; 2026 पासून तो पश्चिमेकडच्याच लीगमध्ये जाणार हे ठरलं. जेझुइट, म्हणजे कॅथलिकच विद्यापीठ, फुटबॉलची कटकट नाही, दर मार्चला राष्ट्रीय स्पर्धेत हमखास हजेरी. अडचण स्पोकेन गावाची. बिग ईस्टमधलं सगळ्यात पश्चिमेचं क्रेटन ओमाहात आहे, आणि स्पोकेनचं घड्याळ त्याच्याही दोन तास मागे. पुरुषांचा बास्केटबॉल संघ चार्टर विमानाने जाईल. सॉकर आणि व्हॉलीबॉलच्या मुलींनी मंगळवारी संध्याकाळी कुठून कसं परतायचं?

उरली भीती कनेटिकटची. लीगमधलं हे एकमेव सरकारी विद्यापीठ, मोठं फुटबॉल सांभाळणारंही हेच, आणि 2024 मध्ये एका मोठ्या फुटबॉल लीगशी त्याची बोलणी होऊन थांबली. उद्या ते गेलं तर संघ पुन्हा दहा आणि सामने पुन्हा 18. म्हणजे आज बारावा म्हणून ज्याचं नाव घेतलं जातंय तो खरं तर अकरावा म्हणून हवा आहे, एवढं कुणी उघड बोलत नाही. 2025-26 पासूनचा नवा टीव्ही करार सहा वर्षांचा आहे. तो संपेपर्यंत डेटनचं नाव दर उन्हाळ्यात निघत राहील.