भूकंपाचं भाकीत वेगळं, भूकंपाचा इशारा वेगळा

मोबाइलवर भूकंपाचा इशारा वाजला की अनेकांना वाटतं, यंत्राला भूकंप आधीच कळला. खरं तर तोवर जमिनीखालचा खडक सरकू लागलेला असतो. त्यातून निघालेल्या प्राथमिक लहरी सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगानं येतात आणि सहसा फार नुकसान करत नाहीत. घरं पाडणाऱ्या दुय्यम लहरी मागून येतात, सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. केंद्राजवळच्या भूकंपमापकानं पहिली लहर टिपली की संदेश त्या दुसऱ्या लहरींच्या पुढे धावतो. १०० किलोमीटरवरच्या गावाला फार तर वीसेक सेकंद मिळतात. मेक्सिकोत ही व्यवस्था १९९१पासून आहे, जपानमध्ये सर्वांसाठी २००७पासून. मशीन लर्निंग, म्हणजे संगणकानं उदाहरणांवरून शिकणं, इथे खरोखर उपयोगी पडतं: ट्रकची थरथर कुठली आणि प्राथमिक लहर कुठली, हे ते झटकन ओळखतं.

भाकीत म्हणजे जागा, वेळ आणि तीव्रता आधीच सांगणं. ते भरवशानं अजून कुणालाच जमलेलं नाही. २०१७मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या कृत्रिम भेगेचा आवाज संगणकाला ऐकवला, आणि ती पुढे कधी सरकणार हे तो बऱ्यापैकी अचूक सांगू लागला. पण ती भेग पुन्हापुन्हा सरकत होती, त्यामुळे शिकायला उदाहरणं भरपूर होती. खऱ्या जमिनीत तसं नसतं.

आपल्याकडचीच दोन उदाहरणं घ्या. किल्लारी परिसरात १९९२मध्ये लहान धक्के बसत होते. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. पालघरच्या डहाणू-तलासरीत नोव्हेंबर २०१८पासून असेच धक्क्यांवर धक्के बसले, लोकांनी थंडीत रात्री घराबाहेर काढल्या, पण किल्लारीसारखा मोठा भूकंप आला नाही. सुरुवात सारखी, शेवट वेगळा. यातून संगणकाच्या मॉडेलनं शिकायचं काय? म्हणूनच ‘एआयनं भूकंप आधीच ओळखला’ अशी बातमी दिसली की मी आधी वेळ पाहतो: संदेश धक्का सुरू होण्याआधीचा, की नंतरचा?

इशाऱ्यालाही मर्यादा आहेच. केंद्राच्या अगदी जवळ दोन्ही लहरी जवळपास एकदमच पोहोचतात. दाट भूकंपमापक असते तरी १९९३च्या त्या पहाटे ४० किलोमीटरवरच्या लातूर शहराला चार-पाच सेकंद मिळाले असते. किल्लारीत, दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांत झोपलेल्यांना तेवढेही नाहीत.