रक्त येतंय, पण जातंय का?

कडबाकुट्टीत किंवा पॉवर प्रेसखाली सापडून तुटलेलं बोट घेऊन माणसं रुग्णालयात येतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘बसेल का?’ हाडात तार घालून वरून कातडी शिवणं एवढ्यालाच बसवणं म्हणायचं असेल, तर ते तासाभराचं काम आहे. फक्त ते बोट चार दिवसांत काळं पडेल. बाकीचे तीन-चार तास लागतात ते रक्ताची ये-जा सुरू करायला, आणि त्यातही ‘ये’पेक्षा ‘जा’ जास्त छळते. उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पाटाला पाणी भरपूर, पण निचरा नाही, तर जमीन चोपण होते. बोटाचंही तेच होतं.

प्रत्येक बोटाच्या दोन्ही कडांनी एकेक धमनी जाते. बोटाच्या मुळाशी ती एक ते दीड मिलिमीटर रुंद असते, शेंड्याकडे अर्ध्या मिलिमीटरवर येते. दोन्ही धमन्या सारख्या नसतात. अंगठ्यात आणि तर्जनीत करंगळीच्या बाजूची जाड असते, करंगळीत अंगठ्याच्या बाजूची. म्हणून सर्जन आधी तिच्या शोधाला लागतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा बोटाच्या पाठच्या बाजूला, अगदी कातडीखाली असतात. त्यांच्या भिंती इतक्या लेच्यापेच्या, की रक्त निघून गेल्यावर त्या ओल्या टिश्यू पेपरसारख्या चिकटून बसतात आणि सापडतच नाहीत. अनुभवी सर्जन आधी धमनी जोडून रक्त सोडतात आणि मग मागून ठिबकणारी तोंडं हेरतात, ते याचसाठी.

रक्तवाहिनीला रक्तवाहिनी शिवण्याची पद्धत अलेक्सी कारेलनं १९०२ मध्ये फ्रान्समध्ये मांडली. तोंडाच्या परिघावर सारख्या अंतरावर तीन टाके घालून ते ताणले, की गोल तोंडाचा त्रिकोण होतो आणि सरळ कडेवर शिवता येतं. १९१२ चं नोबेल त्याला रक्तवाहिन्या शिवण्याच्या आणि अवयव रोपणाच्या कामासाठी मिळालं. पण बोटापर्यंत पोहोचायला मायक्रोस्कोप लागला. १९६० मध्ये अमेरिकेत ज्यूल्स जेकबसननं मायक्रोस्कोपखाली बारीक रक्तवाहिन्या जोडून दाखवल्या. १९६५ च्या जुलैत जपानमधल्या नारा इथे कोमात्सू आणि तामाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला आणि तो जगला.

आज वापरात असलेला ‘टेन-झिरो’ नायलॉनचा धागा दोन-तीन शतांश मिलिमीटर जाडीचा असतो. डोक्याचा केस त्याच्या तिप्पट भरेल. एक मिलिमीटरच्या धमनीला असे सहा ते आठ टाके पुरतात. त्यातला एक जरी समोरच्या भिंतीबरोबर मागची भिंत ओवून गेला, तर नळी बंद. म्हणून प्रत्येक टाक्यानंतर हेपॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घातलेल्या सलाइनची धार मारून तोंड फुगवून बघतात.

कामाचा क्रम साधारण ठरलेला आहे. आधी हाड, मग बोट सरळ करणारा स्नायुबंध, मग वाकवणारा, मग धमनी, मज्जातंतू आणि शिरा. हाड मुद्दाम पाच ते दहा मिलिमीटर कापून आखूड करतात. ऐकायला विचित्र वाटतं, पण हाड आखूड झालं की ठेचलेली टोकं छाटून उरलेल्या चांगल्या रक्तवाहिन्या ओढाताण न करता एकमेकींपर्यंत पोहोचतात. ताणून जोडलेली धमनी हमखास गुठळी धरते. एवढं करूनही टोकं पोहोचली नाहीत, तर मनगटाच्या आतल्या बाजूची बारीक शीर काढून मध्ये जोड देतात. ती लावताना उलटी लावायची, कारण शिरेत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा असतात. सुलटी लावली तर झडपाच रक्त अडवतील.

बोट कसं तुटलं, यावर निम्मा निकाल ठरतो. धारदार पात्यानं कापलेलं बोट सगळ्यात बरं. उसाच्या चरकात गेलेलं बोट चिरडतं, शिवाय ओढलंही जातं. अंगठी अडकून उपटलेलं बोट तर वरून जवळजवळ धड दिसतं आणि आत धमनी रबरासारखी ताणून तुटलेली असते. अशा बोटाच्या कडेनं लाल रेघ दिसली, तर धमनीच्या बारीक फांद्या वाटेवर जागोजागी तुटल्या आहेत असं समजावं. मायक्रोस्कोपखाली धमनी रिबिनीसारखी वळ्यावळ्यांची दिसली, तर तिचं अस्तर आतून फाटलेलं आहे. असा तुकडा कापून टाकावाच लागतो. मोह इथेच होतो : धमनी दिसते, हाताला लागते, मग जोडून टाकू. तिच्यात गुठळी व्हायला रात्रसुद्धा लागत नाही.

हे सगळं रुग्णालयाच्या दारापर्यंत बोट नीट पोहोचलं तर. तुटलेलं बोट स्वच्छ पाण्यानं किंवा सलाइननं हलकेच धुवावं, सलाइननं ओलसर केलेल्या गॉजमध्ये गुंडाळावं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधावं, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. थेट बर्फावर ठेवलं तर पेशी गोठून फुटतात; मग जगातला कुठलाही मायक्रोस्कोप उपयोगाचा नाही. हळद, चहापूड, स्पिरिट, डेटॉल यातलं काहीही लावू नये. हाताच्या जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरावा. सुतळीनं करकचून बांधू नये. बोट कातडीच्या चिंधीवर लटकत असेल तर ती चिंधी तोडू नये. त्या चिंधीत एखादी शीर शिल्लक असू शकते.

बोटात स्नायू नसतात. त्यामुळे ते थंड ठेवलं तर चोवीस तासांपर्यंत आणि नुसतं ठेवलं तर साधारण बारा तासांपर्यंत तग धरतं. मनगटाच्या वर तुटलेल्या हाताला ही सवलत नाही. त्यातला स्नायू सहा तासांत मरायला लागतो, आणि असा हात उशिरा जोडला तर मेलेल्या स्नायूतली विषारी द्रव्यं अंगभर जाऊन माणसाच्या जिवावर बेततं.

प्रत्येक बोट जोडावंच असंही नाही. अंगठा, एकापेक्षा जास्त बोटं, आणि लहान मुलाचं कुठलंही बोट यांसाठी जरूर झटावं. पण मोठ्या माणसाची एकटी तर्जनी मुळाजवळ तुटली असेल, तर जोडलेलं बोट बहुतेक वेळा ताठ राहतं. मग तो माणूस सगळी कामं मधल्या बोटानं करायला लागतो आणि जोडलेलं बोट आडवं येतं. नातेवाइकांना हे पटवणं शस्त्रक्रियेहून कठीण.

आता निचऱ्याकडे येऊ. पहिले दोन-तीन दिवस दर तासाला बोट बघावं लागतं. धमनी बंद पडली तर बोट फिकट आणि गार होतं. दाबून सोडलं तर रंग परत येत नाही. सुईनं टोचलं तर रक्त येत नाही. हे कोणालाही कळतं. शीर बंद पडते तेव्हा मात्र फसगत होते. बोट जांभळं, टम्म फुगलेलं असतं. दाबून सोडलं तर रंग दोन सेकंदांच्या आत, नको इतक्या झटकन परत येतो आणि नवशिक्याला वाटतं, वा, रक्त छान येतंय! टोचलं तर काळसर रक्त भराभर येतं. पाणी शेतात भरलंय, एवढाच त्याचा अर्थ. वेळीच उघडून शीर पुन्हा जोडली तर बोट वाचतं. सकाळपर्यंत थांबून बघू म्हटलं, तर साठलेल्या रक्ताच्या दाबानं धमनीही बंद होते.

शेंड्याकडच्या तुकड्यात कधी कधी जोडण्याजोगी शीर मिळतच नाही. तिथे नख काढून उघड्या जागेवर हेपॅरिनचा बोळा ठेवतात आणि रक्त मुद्दाम ठिबकत ठेवतात, किंवा जळू लावतात. सुश्रुतसंहितेत जळवांवर अख्खा अध्याय आहे; आधुनिक सर्जननं त्यांना पुन्हा कामावर घेतलं ते याच निचऱ्यासाठी. एक जळू पाच ते दहा मिलिलिटर रक्त पिते आणि गळून पडते. खरा फायदा त्यानंतर होतो. तिच्या लाळेतल्या, रक्त गोठू न देणाऱ्या हिरुडिनमुळे ती जागा कित्येक तास झिरपत राहते. नव्या बारीक शिरा तयार व्हायला पाच ते सात दिवस लागतात, तेवढा वेळ काढायचा. जळवेच्या पोटात एरोमोनास नावाचा जंतू राहतो, म्हणून सोबत प्रतिजैविक लागतंच. हिमोग्लोबिन रोज बघावं लागतं, रक्तही चढवावं लागू शकतं. आणि जळू तोंड लावायलाच तयार नसेल, तर धमनी तपासा. कोरड्या विहिरीवर ती बसत नाही.

खोली उबदार लागते, आणि बिडी, तंबाखू, मशेरी बंद. निकोटिन कुठल्याही वाटेनं आलं तरी बारीक धमन्या आवळतं. भेटायला आलेल्याने प्रेमानं दिलेली एक बिडी चार तासांचं काम पाण्यात घालवू शकते.

जिथे बोट गेलं नाही पण हाताची कातडी सोलून गेली, तिथे दुसरीकडची जिवंत कातडी तिच्या रक्तपुरवठ्यासकट आणावी लागते. हिला फ्लॅप म्हणतात. याचं जगाला ठाऊक झालेलं एक जुनं उदाहरण पुण्याचंच आहे. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या मराठा बैलहाक्याला टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला होता. पुण्याजवळ एका देशी वैदूनं कपाळाची कातडी भुवयांमधल्या अरुंद पट्टीवर तशीच जोडलेली ठेवून खाली वळवली आणि नवं नाक केलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापलेल्या वर्णनात ती पट्टी साधारण पंचविसाव्या दिवशी कापावी असं म्हटलं आहे. तोवर जखमेच्या कडांतून नव्या रक्तवाहिन्या आत शिरलेल्या असतात.

मॅकग्रेगर आणि जॅक्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेला जांघेचा फ्लॅप याच तत्त्वावर चालतो. जांघेतली कातडी एका बारीक धमनीवर उचलायची, हात तिथे नेऊन शिवायचा आणि तीन आठवड्यांनी देठ कापायचा. कापण्याआधी देठाला रबरी चाप लावून फ्लॅपचा रंग टिकतो का, ते बघतात. तीन आठवडे हात जांघेला बांधलेला राहिल्यानं खांदा आणि कोपर आखडतात, पण जिथे मायक्रोस्कोप नाही तिथे हा फ्लॅप आजही तारून नेतो.

पायाचं, त्यातही टाचेचं, काम याहून किचकट. मोटरसायकलवर मागे बसलेल्या मुलाचा पाय चाकाच्या तारांत जातो आणि टाचेमागची कातडी उलटते. साडी गार्ड अर्धं चाक झाकणारं असावं असा नियमच आहे. ते काढून टाकलेल्या गाड्या मात्र दिसतातच. उलटलेली कातडी तशीच जागेवर शिवून टाकली, तर आठवड्यात तिची कड काळी पडते आणि खाली स्नायुबंध उघडा पडतो. त्यावर नुसता कातडीचा पापुद्रा धरत नाही, कारण उघड्या स्नायुबंधाला स्वतःचं पुरेसं रक्त नसतं.

तिथे पोटरीमागचा ‘सुरल’ फ्लॅप खाली वळवून आणतात. पोटरीच्या मध्यावरची कातडी उचलायची, तीन-चार सेंटिमीटर रुंदीचा देठ ठेवायचा आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडापासून साधारण पाच सेंटिमीटर वर थांबायचं. तिथे पेरोनियल धमनीची फांदी वर येते. तिच्याखाली सुरी गेली, की फ्लॅप गेला. अडचण अशी, की या फ्लॅपमध्ये रक्ताला उलट्या दिशेनं परतावं लागतं आणि शिरेतल्या झडपा ते अडवतात. झडपांना वळसा घालणाऱ्या बारीक वाटांवरच सगळी भिस्त. म्हणून देठ कातडीखालच्या घट्ट बोगद्यातून ओढत नाहीत, वरची कातडी उघडून मोकळा ठेवतात. काही सर्जन फ्लॅपच्या टोकाशी शिरेत एक बारीक नळी सोडून ठेवतात आणि फ्लॅप जांभळा दिसला की काही मिलिलिटर रक्त काढून टाकतात. मधुमेही किंवा धूम्रपान करणारा रुग्ण असेल, तर आधी फ्लॅप अर्धवट उचलून एक-दोन आठवडे तिथेच ठेवावा. आवळलेल्या जोडवाहिन्या तेवढ्यात रुंद होतात. मधुमेह्याच्या पायाचा रक्तदाब मोजताना चुन्यानं कडक झालेल्या धमन्या पट्ट्यानं दबत नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. त्यामुळे आधी अंगठ्यावरचा दाब मोजावा, गरज पडल्यास अँजिओग्राफी करावी.

फ्लॅप जगला तरी त्याला तळव्याच्या कातडीसारखी खालची घट्ट वीण नसते, तो चालताना सरकतो. बहुतेक वेळा त्याला संवेदनाही नसते. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकावी, आत हात फिरवावा, आणि रोज रात्री आरशात टाच बघावी. बुटात राहिलेला एक खडा या टाचेला कळत नाही.